नाही सांगणाऱ्या बाई

६ जानेवारी, सोमवार

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी फ्रेशर झाले. माजिवड्याच्या ऑफिसात आज पहिला दिवस. ही कंपनी लोकांना नोकऱ्या लावून देते. गोदामं, दवाखाने, दुकानं यांना माणसं लागतात. ती आम्ही शोधायची, मुलाखतीला पाठवायची आणि निवड झाली की रुजू होईपर्यंत त्यांच्या मागे लागायचं. आधीच्या कंपनीत मी अठरा वर्षं पत्रव्यवहार सांभाळत होते. ती कंपनी वापीला गेली आणि मी डोंबिवलीत राहिले. जिला स्वतःची नोकरी टिकवता आली नाही तिला दुसऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी ठेवलंय. यातला विनोद माझ्या लक्षात आला, मालकाच्या आला नसावा.

मालकाचं नाव मितेश. चौतिशीचा असेल. मला बघून त्याला शाळेतल्या बाई आठवत असाव्यात, कारण माझ्याशी बोलताना तो खुर्चीत सरळ बसतो. तीन महिने प्रोबेशन. "एप्रिलला आपण बसून ठरवू, मॅडम," म्हणाला.

दुपारी एक व्हिडिओ बघायला लावला. त्यातला माणूस सांगत होता की आपलं बलस्थान ओळखा, ते वापरा, आत्मविश्वास आपोआप येईल. शेवटी एक चौकट आली: तुमचं सर्वांत मोठं बलस्थान लिहा. मी 'वक्तशीर' लिहिलं. मग आठवलं की आज पहिल्याच दिवशी उशीर झाला होता. खोडलं. 'प्रामाणिक' लिहिलं. स्वतःच स्वतःला प्रामाणिक म्हणणं कितपत प्रामाणिक, या विचारात वेळ संपली आणि चौकट बंद झाली.

९ जानेवारी, गुरुवार

व्हिडिओतल्या माणसाचा सल्ला होता की जवळच्यांना विचारा. म्हणून जेवताना विचारलं.

सलिलने बराच वेळ आमटी ढवळली. मग म्हणाला, "तू दूध उतू जाऊ देत नाहीस."

"नोकरीच्या संदर्भात विचारतेय."

"अगं, असं अचानक विचारल्यावर कसं सांगणार? उद्या ऑफिसातून फोन करतो."

सान्वी म्हणाली, "आई, तू ओव्हरथिंक करतेस. पण क्वालिटी असते त्याला."

सलिलचा फोन आलेला नाही. एकवीस वर्षांच्या संसाराला इतका गृहपाठ लागावा याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

भिवंडीच्या गोदामासाठी निवड झालेला एक माणूस. त्याने फोनवर विचारलं, "मॅडम, कंपनीची बस आहे ना?" मी आदल्या दिवशी गोदामात फोन करून खात्री करून घेतली होती. सांगितलं, "बस आहे, पण ती हायवेच्या वळणावर सोडते. तिथून आत बरंच चालायला लागतं, आणि रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत," आणि आला नाही.

मितेश वैतागला, पण आवाज चढवला नाही. "मॅडम, बस आहे एवढंच बोलायचं होतं. कुठे सोडते ते त्याला कळलंच असतं ना."

"कळल्यावर त्याने सोडली असती नोकरी."

"तोपर्यंत आपलं काम झालं असतं ना, मॅडम."

माझ्या शेजारच्या टेबलावर योगिनी बसते. सव्वीस वर्षांची, शहाडहून येते. तिने मला समजावलं, "ताई, तुम्ही समोरच्याला विचार करायला टाइम देता, तिथेच सगळी वाट लागते." तिचं बोलणं ऐकत राहावं असं आहे. समोरचा 'उद्या सांगतो' म्हणेपर्यंत ती गोदामाच्या गणवेशासाठी त्याचा बुटाचा नंबर लिहून घेते. मला हे जन्मात जमायचं नाही.

२६ जानेवारी, रविवार

सलिलच्या मंदाकिनीमावशींचा कल्याणहून फोन. मुलाकडून, म्हणजे कौस्तुभकडून, टेंभी नाक्याच्या स्थळाला नकार आहे. "तूच कळव गं बाई. मला नाही ते जमत. पत्रिका जुळत नाही म्हणून टाक."

सासरच्या सगळ्या गोतावळ्यात हे काम माझ्याकडे कसं आलं ते मलाही सांगता येणार नाही. कांदेपोहे खायला सगळे जातात, नकार कळवायला मी. बरं, पत्रिकेचं कारण मला सांगता येत नाही, कारण पत्रिका कुणी बघितलेलीच नसते. मग मी आधी मुलाला पकडते. कौस्तुभला विचारलं, खरं काय ते सांग.

"वहिनी, ती माझ्या प्रत्येक वाक्याला 'म्हणजे काय?' विचारत होती. अर्ध्या तासात मला कळलं की मी आजवर जे बोलत आलोय त्याला अर्थच नाहीये."

मुलीच्या वडिलांना फोन लावला. नाव सांगितलं आणि लगेच सांगितलं की नकार कळवायला फोन केलाय. ते "हं" म्हणाले. मग म्हटलं, "तुमची मुलगी त्याला झेपणार नाही असं त्याला वाटतं. मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याचं बरोबर आहे." मी फोन धरून बसले. त्यांनी सांगितलं की याआधी तीन ठिकाणांहून पत्रिकेचंच कारण आलं, त्यामुळे मुलीने पत्रिका फाडून टाकली आहे. मग हसले. मुलीच्या नोकरीबद्दल, तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलले आणि शेवटी म्हणाले, "टेंभी नाक्यावर आलात तर घरी या. चहा घेऊ."

नकार दिलेल्या घरी चहाला जाणं बरं दिसेल का? सलिल म्हणतो, जा. पण त्याला कुठलाही चहा चालतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात एक पद्धत आहे, तिची मला सवय होत नाही. ज्याची निवड झाली त्याला आम्ही दिवसातून चारदा फोन करतो. ज्याची झाली नाही त्याला काहीच कळवत नाही. तो बिचारा फोन करत राहतो. स्क्रीनवर नाव दिसलं की टेबलावर फोन उपडा ठेवायचा.

"दोन-तीन दिवसांत थकतात, ताई," योगिनी म्हणाली. "सगळीकडे असंच असतं."

"पण नाही एवढंच सांगायला काय जातं?"

"शिव्या खायच्या फुकटच्या? आणि टाइम कोणाकडे आहे?"

तिचं बरोबर असणार. ती इथे चार वर्षं आहे. तरी आज फोन उपडा ठेवताना मला असं वाटलं की कुणाच्या तरी तोंडावर पातेलं झाकतेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन एकाला फोन केला. स्वतःच्या मोबाइलवरून, कंपनीच्या फोनवरून स्वतःची टोचणी मिटवणं योग्य नाही. नाव तानाजी, कल्याणचा, बऱ्याच वर्षांचा स्टोअरकीपर. सांगितलं, "त्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. कारण मी विचारून घेतलंय. त्यांच्याकडे सगळा माल टॅबवर नोंदवतात आणि तुम्ही मुलाखतीत टॅब बाजूला सारून वही मागितलीत." (कारण काढायला गोदामाच्या साहेबाला तीनदा फोन केला होता. तो म्हणाला, असं कुणी विचारत नाही.)

मी फोन कानाला धरून थांबले. जिन्यात कुणीतरी मिसळ गरम केल्याचा वास येत होता.

मग तानाजी म्हणाले, "मॅडम, दिवाळीपासून मी फिरतोय. आजपर्यंत एकानेही नाही म्हटलं नाही. त्यामुळे रोज घरी सांगतो, अजून चालू आहे. आता निदान घरी काय सांगायचं ते कळलं." आणि नाही म्हटल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले.

मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. एका माणसाला नोकरी नाही असं सांगून पोळी-भाजी चवीने खाणारी बाई कशी असते, ते आज कळलं. डबा पूर्ण संपवला.

४ मार्च, मंगळवार

मितेशने दोन महिन्यांचा आढावा घेतला. भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांची नावं असतात, ज्याने जास्त माणसं रुजू केली तो वर. माझं नाव इतकं खाली आहे की ते फळा पुसायच्या डस्टरमागे जातं. योगिनी सगळ्यात वर. फेब्रुवारीत तिचा आकडा दुपटीने वाढला. मितेशने केक आणला. मी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि दोन तुकडे खाल्ले.

"मॅडम, योगिनीकडून शिका. समोरच्याचा हो घेऊन क्लोज करायला शिका," मितेश म्हणाला.

शिकायचं ठरवलंय. रोजचा जिन्यातला उद्योग आता पुरे.

६ मार्च, गुरुवार

योगिनीच्या आवाजात बोलून पाहिलं. एका नर्सला म्हटलं, "आज हो म्हणालात तर ठीक, जागा भराभर भरतायत." ती म्हणाली, "बरं वाटत नाहीये का, मॅडम?"

जिन्यातला उद्योग चालू आहे. कालच्या मुलाखतीतले जे राहिले होते त्यांना आज कळवलं. राहवत नाही. व्यसनी माणसं हेच म्हणतात.

११ मार्च, मंगळवार

दोन-तीन आठवड्यांपासूनचा एक त्रास आता वाढलाय. ज्यांना मी नाही सांगितलं तेच आता मला उलट फोन करतात. दुसरी कुठली जागा आहे का, बायकोसाठी काही आहे का, मेहुणा मोकळा आहे त्याला पाठवू का. रिसेप्शनच्या मुलीने आज सगळ्यांसमोर विचारलं, "त्या नाही सांगणाऱ्या बाई कोण म्हणून विचारतायत, कोणाला जोडू?" सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

आधीच माझी कामाची बोंब, त्यात ही गर्दी. माझ्याकडे त्यांना रुजू करायची हातोटी नाही, उगाच त्यांचं नुकसान नको, म्हणून सगळ्यांना योगिनीकडे वळवते. आज सकाळपासून तसे बरेच वळवले. ती बिचारी तक्रार करत नाही. सगळ्यांना सामावून घेते आणि बहुतेकांना लावूनही देते. तानाजींनाही तिनेच लावलं. ते मुलीकडून टॅब शिकून आले होते. काही जणांत ते उपजतच असतं.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी डोंबिवलीची स्वागतयात्रा. मी दर वर्षी नऊवारी नेसते आणि दर वर्षी ठरवते की पुढच्या वर्षी नाही. या वर्षी योगिनीला बोलावलं होतं. ती फेटा बांधून आली होती आणि माझ्यापेक्षा दहापट डोंबिवलीची दिसत होती.

ढोल थोडे पुढे गेल्यावर ती म्हणाली, "ताई, एक बोलायचंय. काल मितेश सर फळ्यासमोर उभे होते, तुमच्या नावाजवळ. मला वाटतं ते तुम्हाला कन्फर्म नाही करणार."

"अगं, साहजिक आहे."

"साहजिक काय? माझ्याकडे जॉइन होणारे निम्मे तुमचे असतात. येतात तेच बोलत, त्या मॅडमनी पाठवलंय, त्या खोटं बोलत नाहीत. मला काही करावंच लागत नाही. असा सीन आहे. मी सरांना आधीच बोलायला पाहिजे होतं, पण केक बिक आणला त्यांनी, मग मला कसंतरी झालं."

मी म्हटलं, "निम्मे काही नसतील." ती म्हणाली, "तुम्ही ना, ताई." तिचे डोळे भरले होते. मग आम्ही पन्हं प्यायलो.

घरी येऊन सलिलला सांगितलं. नोकरी गेली तर सान्वीच्या क्लासचं कसं, घराचं कसं, असं सगळं बोलून झालं. तो म्हणाला, "योगिनी सांगते ते मितेशला सांग." म्हटलं, "स्वतःच्या तोंडाने?" तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या तोंडाने सांगणार?" हे मला उगाचच लागलं. साडीची घडी घालता घालता विचार केला की एखादी गोष्ट खरी असली तरी ती आपल्या फायद्याची असली की मला खोटी का वाटते. घडी नीट झाली नाही.

३ एप्रिल, गुरुवार

मितेशने केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. दार लावून घेतलं. मार्केट कसं स्लो आहे ते सांगितलं. मग त्याच्या आजोबांचं जांभळी नाक्याचं दुकान आणि ते नोकरांना कसं घरच्यासारखं वागवायचे ते आलं. मग मीही त्याला घरच्यासारखीच. मग, "तुमचं टॅलेंट ना मॅडम, आमच्यासारख्या छोट्या कंपनीत वाया जातं."

मला चहा यायच्या आधीच कळलं होतं. इतका वाईट कळवलेला नकार मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लिहायला लाज वाटते, पण मला सुरुवातीला दुःख झालं नाही. वैताग आला, जसा दुसऱ्याने केलेल्या गचाळ पोळ्या बघून येतो.

"तुम्हाला मला काढायचंय का, सर?"

"काढायचंय असं नाही ना, मॅडम..."

"मग?"

त्याने ग्लासकडे बघितलं. "हां. म्हणजे, तसंच."

"मग ते आधी बोलायचं. चहाच्या आधी. नाहीतर माणूस चहा पिता पिता समजतो की पगार वाढतोय."

"आणि मग?" त्याने खरोखरच विचारलं.

"मग कारण. खरं असेल ते. मग थांबायचं. समोरच्याला जे बोलायचंय ते बोलू द्यायचं. मध्ये आजोबा आणायचे नाहीत."

तो खुर्चीत सरळ झाला. "मॅडम, मी तुम्हाला कन्फर्म करत नाहीये. तुमच्याकडून लोक जॉइन होत नाहीत." आणि थांबला.

चांगलं जमलं. मी मनात शाबासकीही देऊन टाकली. मग ध्यानात आलं की आता बोलायची पाळी माझी आहे आणि मला नोकरीवरून काढलंय.

तो शिकवल्याप्रमाणे गप्प होता. काचेबाहेर योगिनी फोनवर बोलण्याचं नाटक करत होती. फोन उलटा धरला होता.

म्हटलं, "कारण खरं आहे. पण अर्धंच आहे." आवाज माझा वाटत नव्हता. "योगिनीकडे जे जॉइन होतात त्यातल्या बऱ्याच जणांना आधी मी नाही सांगितलेलं असतं. किती ते मी मोजलेलं नाही. ती निम्मे म्हणते, पण ती प्रेमळ आहे, तेव्हा तुम्ही कमी धरा. आणि तिचं श्रेय कमी करायचं नाहीये मला. जॉइन तीच करते."

"तुम्ही नाही सांगता, आणि ते परत येतात?"

"काहीच न कळवलेला माणूस कशाला परत येईल? ज्याला खरं कारण कळलं तो येतो. सुधारून येतो, किंवा घरच्यांना पाठवतो."

मितेश उठला आणि दार उघडून योगिनीला म्हणाला, "मॅडम सांगतात ते खरं आहे?" तिने फोन सरळ केला आणि "हो सर" म्हणाली. तो परत येऊन बसला.

मी म्हटलं, "मला तेच काम द्या. सगळे नकार मी कळवते. कंपन्यांकडून खरी कारणंही मीच काढून आणते. पुढचं योगिनीकडे."

"मॅडम, अशी पोस्ट कुठेच नसते."

"म्हणूनच आपल्याकडे दिवसभर फोन उपडे पडलेले असतात."

हे मी बोलले. इथे लिहून ठेवते, कारण उद्या मलाच पटणार नाही. मितेश म्हणाला, उद्या सांगतो.

घरी येताना मात्र वाटलं की आपण स्वतःची फारच जाहिरात केली.

४ एप्रिल, शुक्रवार

आज त्याने चहा मागवला नाही. थेट म्हणाला, "आयडिया आवडली. ट्राय करू. पण प्रोबेशन अजून तीन महिने वाढवतो."

'बरं' हा शब्द माझ्या तोंडात तयारच असतो. दातांपर्यंत आला होता. देतोय तेवढं घ्यावं, आजकाल मिळतं कुठे, या वयात तर नाहीच. आणि त्याच वेळी मला दिसत होतं की याला माझं म्हणणं पटलंय, फक्त धीर होत नाहीये. असा माणूस मला ओळखता येतो. फोनवर रोज भेटतो.

"नाही," म्हटलं. "कन्फर्म केलंत तरच हे काम करेन. खरी कारणं काढायला मला तुमच्या मोठ्या गिऱ्हाइकांच्या मागे लागावं लागेल, त्यातला एखादा तुमच्याकडे तक्रार करेल. प्रोबेशनवरची बाई त्या दिवशी गप्प बसेल. मग हे काम होणार नाही."

आणि थांबले.

दुसऱ्यांसाठी मी कितीही वेळ गप्प बसू शकते. स्वतःसाठी बसणं फार वेगळं आहे. मितेशने एसीचा रिमोट उचलून बघितला, ठेवला. पेनाचं टोपण काढलं, लावलं. 'पण तुम्ही सावकाश विचार करा हं, घाई नाही' हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. ते मी गिळलं. त्याच्याबरोबर बहुतेक पुढची दोन-तीन वाक्यंही गिळली.

मितेश म्हणाला, "सोमवारी लेटर देतो. पोस्टचं नाव काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. मला सुचत नाहीये."

मलाही सुचत नाहीये. योगिनीने सुचवलेली नावं लेटरवर छापण्यासारखी नाहीत. सलिलला फोन करून सांगितलं तर त्याने सगळं दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाला, "तू खरंच त्याला नाही म्हणालीस?" आणि संध्याकाळी न सांगता श्रीखंड घेऊन आला.

जे मला वाटतंय त्याला आत्मविश्वास म्हणतात की नुसता उद्धटपणा, हे ठरवायला मला नेहमीप्रमाणे वेळ लागेल. एवढंच कळतंय की गोदामाच्या परवाच्या मुलाखतीतले बरेच जण राहिलेत, त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही, आणि सोमवार लवकर उजाडावा असं वाटतंय. इतक्या लोकांना नाही म्हणायला इतक्या उत्साहाने निघालेली बाई मी तरी पाहिलेली नाही.